राजा आहे का?

डेन्मार्कमधल्या साम्सो बेटावरच्या वाचनालयात नवशिक्यांच्या प्रोग्रॅमिंग वर्गाला जाणाऱ्या सत्तरीच्या बोदिल आजीनं पत्त्यांचा खेळ लिहिला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. कॉम्प्युटरनं आणि आपण आळीपाळीनं एकमेकांकडे पान मागायचं, असलं तर द्यायचं, चार सारखी पानं आधी जमवेल तो जिंकला. शनिवारी गावातली पोरं तो खेळणार होती.

शिकवणारा तोर्किल आधी स्वतः खेळायला बसला. पडद्यावर प्रश्न आला, "तुमच्याकडे राजा आहे का?" हातात दोन राजे असून त्यानं ठोकून दिलं, "नाही." कॉम्प्युटरनं मुकाट्यानं मानलं आणि तोर्किल जिंकला.

"बोदिल, हा अगदीच भोळा निघाला! पोरं याला गुंडाळून ठेवतील. खोटं पकडायची काहीतरी सोय करा."

"अरे, रस्त्याकडेच्या माझ्या बटाट्यांच्या टपरीवर तरी कोण बसतं? लोक बटाटे घेतात, डब्यात पैसे टाकतात."

"ती मोठी माणसं. ही पोरं आहेत!"

"बरं बाबा," म्हणत बोदिलनं कॉफी संपेपर्यंत दोन ओळी वाढवल्या.

तोर्किलनं नवा डाव मांडला. या वेळी हातात एकच राजा होता. कॉम्प्युटरनं तो मागितला. तोर्किलनं पुन्हा बिनदिक्कत लिहिलं, "नाही."

पडद्यावर उमटलं, "बरं. पानं मीच वाटली आहेत, पण तुम्ही म्हणताय तर नसेल."

तोर्किलचे कान लाल झाले. त्यानं सगळी बटणं चाचपून पाहिली, मग हळूच विचारलं, "बोदिल, दिलेलं उत्तर मागं घ्यायची सोय कुठे आहे यात?"