शपथेचा दगड

डोणगावच्या दारूमुक्ती मंडळात इंद्रभान आणि प्रसेनजितनं एकाच दिवशी शपथ घेतली होती. पुढे फौजेत गेलेला प्रसेनजित कारगिलला शहीद झाला, मंडळानं त्याचं स्मारक बांधलं, आणि दारू सोडणारा जो तो त्याच दगडावर हात ठेवू लागला. इतकी वर्षं थेंबाला न शिवलेल्या इंद्रभानला कुणी हिंग लावून विचारेना. मेलेल्याचा केवढा तो मान! आज तर इंद्रभान तोंडाला दुपट्टा लावून सगळ्यांच्या मागे उभा होता.

शपथ घ्यायला आलेल्या हरिओमनं मात्र दगडावरचा हात उचलला आणि तो थेट मागे आला.

"प्रसेनजितभाऊले शपथ मोडाले टाइमच कुठं भेटला? निभावली तं तुमी, काका. मी तुमच्याच पायावर हात ठेवून सोडतो."

इंद्रभाननं दुपट्टा आणखी घट्ट दाबला. त्याच जळफळाटात सकाळी त्यानं पव्वा रिचवला होता.