फ्रीजमधल्या किल्ल्या

साउंडवाल्याने आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून गुपचूप फ्रीजचं बटण बंद केलं. फ्रीजची घरघर माणसाच्या लक्षात येत नाही, पण माइक ती नेमकी पकडतो. मग त्याने आपल्या गाडीच्या किल्ल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. किल्ल्या आत असल्या की फ्रीज परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही, ही त्याची जुनी युक्ती. बर्फाचा ट्रे सोडला तर कप्पा रिकामा होता, अगदी पुसून ठेवलेला.

ज्यांची मुलाखत घ्यायची होती त्या काकू बाहेर खुर्चीत बसल्या. त्याने त्यांच्या कॉलरला माइक लावला. आठ महिन्यांपूर्वी, शनिवारच्या प्रार्थनेच्या वेळी, सिनेगॉगमध्ये एक माणूस बंदूक घेऊन शिरला होता. आतले लोक ज्यू आहेत, एवढंच कारण त्याला पुरलं. सहाजण गेले, त्यांत काकूंचे यजमान. राहिलेली माणसं त्यातून कशी सावरताहेत, यावर ही फिल्म होती.

"काकू, मागच्या महिन्यात आम्ही येऊन गेलो. त्यानंतर कशा आहात?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"बरी होते. ह्यांनी त्या शनिवारच्या आदल्या दिवशी सूप केलं होतं. त्यातलं डबाभर मी बर्फात जपून ठेवलं होतं. खायला नाही हो. नुसतं असावं म्हणून." त्या थांबल्या. "तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी मी लेकीकडे गेले. चार दिवसांनी येऊन बघते तर फ्रीज बंद, खाली पाणीच पाणी. निघताना दिवे घालवता घालवता मीच तेही बटण दाबलं असणार. हल्ली माझं डोकं ठिकाणावर नसतं. त्यांच्या हातचं शेवटचं होतं, तेही मी घालवलं."

हेडफोनमध्ये त्यांनी गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. मागच्या खेपेला साउंडवाला दुसऱ्याच्या गाडीतून आला होता. खिशात किल्ल्याच नव्हत्या.

"कट. आवाज?"

"स्वच्छ," तो म्हणाला आणि त्या एका शब्दाची त्याला इतकी लाज वाटली, की त्याने मान वर केली नाही. सांगून टाकावं, असं वाटलं. मग वाटलं, शूटिंग तरी संपू दे. मग वाटलं, सांगून डबा थोडाच परत येणार आहे? स्वतःची बाजू मांडायची वेळ आली की माणूस किती पटकन वकील होतो!

काकू सगळ्यांना पाणी द्यायला उठल्या. कुणाला बर्फ हवा का, असं विचारत त्यांनी वरचा कप्पा उघडला.

"अगंबाई, ह्या किल्ल्या कुणाच्या?"

"माझ्या." तो उठून आत गेला. "शूटिंगला फ्रीज आम्हीच बंद करतो. परत चालू करायला विसरू नये म्हणून किल्ल्या आत ठेवतो."

"नेहमी?"

"मागच्या वेळी नव्हत्या ठेवल्या, काकू. मी विसरलो. तुम्ही नाही."

हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने फ्रीज चालू केला. घरघर सुरू झाली. काकूंनी किल्ल्या बाहेर काढून कप्पा लावला. मग त्या सावकाश येऊन खुर्चीत बसल्या.

"मघाचं पुसून टाका," त्या दिग्दर्शिकेला म्हणाल्या. "मी पुन्हा सांगते. नीट सांगते."

मग त्याच्याकडे वळल्या.

"बंद करा तो फ्रीज. परत चालू केलात की किल्ल्या देते."

किल्ल्या त्यांच्या मुठीतच होत्या.