गुरुवारची गाडी

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी बाबांची लाल गाडी सलग सातव्या गुरुवारी अडखळली.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," म्हणत मिस्त्री उलट्या खोक्यावर टेकला.

"नकटी कुणाला म्हणता? नाक बघा तिचं. सरळ, लांब. आमच्या हिच्यासारखं," गाडीच्या बॉनेटवर थाप मारत बाबा म्हणाले.

थोरली चहा घेऊन गॅरेजच्या दारात उभी होती. बाबांनी आईचा विषय आपणहून काढला होता आणि तोही हसून.

आई गेल्यावर बाबांनी अंथरूण धरलं होतं. दुखणं काही नव्हतं, नुसते भिंतीकडे तोंड करून पडायचे. धाकटी सासरी गेल्यावर तर जेवण चिमणीएवढं झालं. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे यावर औषध नाही. मन कशात तरी गुंतवा, नाहीतर फार दिवस काढणार नाहीत." तेव्हा थोरलीला ताडपत्रीखाली बावीस वर्षं पडलेली गाडी आठवली. जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार, उघडी, दोनच माणसांची. मिस्त्रीनं आपलं वर्कशॉप कधीच बंद केलं होतं, पण गाडीचं नाव काढल्यावर दर गुरुवारी यायला कबूल झाला. पहिल्या गुरुवारी बाबांनी दाढी केली.

काम कमी आणि गप्पा जास्त.

"छप्पर होतं हो, पण पाऊस बाहेर कमी आणि आत जास्त. ही गाडीत छत्री उघडून बसायची. लोक थांबून बघायचे."

"आणि तेल?"

"गळायचंच. गळायचं थांबलं की समजायचं, संपलं. आणि गाडीची लबाडी ऐका. ही शेजारी असली की कधी बंद पडली नाही. सासरेबुवा बसले की हटकून पडायची. तीनदा ढकलली त्यांनी!"

"मग मुलगी दिली कशी?"

"म्हणाले, ज्याच्यात एवढी गाडी सांभाळायची चिकाटी आहे, तो माझ्या मुलीलाही सांभाळेल."

इंजिनाला दोन कार्बोरेटर होते. दोघांनी हवा सारखीच ओढली पाहिजे. मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला लावी आणि दुसरं आधी एकाच्या तोंडाशी धरी, मग दुसऱ्याच्या. आतला सुसकारा सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राही. संध्याकाळपर्यंत इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागे. पुढच्या गुरुवारी पुन्हा खोकला.

"नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे," बाबा चिडवत. "चाळीस वर्षं हेच केलंत?"

"साहेब, तुमच्या गाडीला भूत लागलंय."

इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी मिस्त्रीची बायको आली होती. मिस्त्री गाडीखाली होता. ती आणि बाबा फाटकाशी बराच वेळ बोलत उभे राहिले.

"काय म्हणत होत्या?" थोरलीनं विचारलं.

"विचारत होत्या, काम कधी संपणार."

"मग?"

"म्हटलं, बघू."

एका बुधवारी थोरली ऑफिसातून दुपारीच परतली. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा बॉनेट उघडून वाकले होते. त्यांनी दूध प्यायला निघालेल्या मांजरासारखं इकडेतिकडे पाहिलं, स्क्रूड्रायव्हर घातला आणि एका कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. मग हात पुसून बॉनेट हळूच मिटलं.

थोरली आल्या पावली मागे सरकली. गाडी झाली की आपलंही झालं, असं बाबांच्या मनानं घेतलं होतं तर.

ती बाबांना काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सोडायला मात्र ती फाटकापर्यंत गेली.

"काका, घाई करू नका. ही गाडी आहे तोवर बाबा आहेत."

मिस्त्रीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "पोरी, काम लांबवा म्हणणारं गिऱ्हाईक जन्मात पहिलंच. नाव बुडेल माझं."

"काका..."

"बुडू दे," तो हसला. "नाहीतरी आता कोण विचारतंय!"

मग कार्बोरेटरनंतर ब्रेक निघाले, ब्रेकनंतर वायरिंग. एकदा सीटा उसवल्या, त्या सहा महिने पुन्हा शिवल्या गेल्या नाहीत. अधूनमधून गाडी रस्त्यावरही जाई. दोघं म्हातारे कानटोप्या घालून जात आणि कुणाकुणाकडून ढकलून घेत, भांडत, आनंदानं परत येत. बाबा पोटभर जेवू लागले. एकटे प्रवास करून नातीला बघून आले. मिस्त्री वाळत चालला होता, पण वयच होतं. पुढे पुढे तो खोक्यावर बसून नुसता हुकूम सोडी आणि पाना बाबांच्या हातात असे. गुरुवार मात्र त्यानं एकही चुकवला नाही.

तो गेल्यावर थोरली त्याच्या बायकोला भेटायला गेली.

"काकू, काकांचे उपकार फिटायचे नाहीत. बाबा आज आहेत ते त्यांच्यामुळे."

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "तुला बाबांनी सांगितलं नाही?"

"काय?"

"इंजिन सुरू झालं त्या दिवशी मी आले होते ना, ते हात जोडायला. म्हटलं, साहेब, ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही, पण डॉक्टरांनी चार महिने दिलेत. हा माणूस फक्त गुरुवारची वाट बघून उठतो. तुमची गाडी लवकर होऊ देऊ नका."

मिस्त्री वारला तो त्यानंतर सहा वर्षांनी, धाकटीची मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी, मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी.