डाव्या पायाची निवृत्ती

बसला पुन्हा गचका बसला आणि मागच्या बाकावर चाचणी घ्यायला बसलेल्या तपासनिसांचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं.

"अहो, बस चालवताय की लोणी काढताय?"

ड्रायव्हरने जीभ चावली. दोष त्याच्या डाव्या पायाचा होता. बॅटरीवरच्या बसला क्लच नसतो, हे त्याच्या डोक्याला कळलं होतं; पायाला नव्हतं. वळण आलं की तो आपसूक क्लच शोधायला निघायचा आणि धाडकन ब्रेकवर पडायचा. जित्याची खोड, दुसरं काय! उजवा पाय बिचारा गुणाचा होता.

"उतरा, पाणी प्या. अजून एक फेरी देतो, पण शेवटची," तपासनीस कपाळ चोळत म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

डेपोतल्या डिझेलच्या गाड्या एकेक करून मोडीत निघाल्या होत्या. सरकारच्या हरित धोरणात एक ओळ ठळक छापली होती: कुणाचीही नोकरी जाणार नाही, सगळ्यांना नवं काम शिकवलं जाईल. लिहिणारे लिहून मोकळे झाले. ती ओळ खरी करून दाखवायचं काम येऊन पडलं डेपोतल्या प्रशिक्षक बाईंवर, आणि या बाई म्हणजे आपल्या ड्रायव्हरची सून. नापास झाला तरी त्याची नोकरी जाणार नव्हती हे खरं, पण स्टिअरिंग जाणार होतं. मग गेटवर खुर्ची टाकून आल्यागेल्याकडे बघत बसायचं.

"मॅडम, राहू द्या आता," खाली उतरून तो म्हणाला. डेपोत तो सुनेला चुकूनही अगं म्हणत नसे. "गेट तर गेट. माझ्यापायी तुम्हाला खाली मान घालायला लागू नये, एवढंच."

"बाबा, बसा इथे."

तिने त्याला बसच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः खाली उकिडवी बसून त्याच्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"अगं! पाय काय धरतेस? सगळे बघतायत!" मॅडम वगैरे विसरून तो पाय आखडून घेऊ लागला.

भिंतीच्या सावलीत आपली पाळी यायची वाट बघणारे बाकीचे ड्रायव्हर खरंच बघत होते. एकदोघे फिदीफिदी हसलेही.

"बघू देत."

तिने बूट काढला, मोजाही काढला. भेगाळलेल्या टाचेचा पांढुरका पाय उन्हात आला. तिने त्यावरून हलकेच हात फिरवला.

"या पायाने जन्मभर आमचं घर चालवलं. आता हा निवृत्त. काही म्हणजे काही करायचं नाही, नुसतं आरामात बसायचं. कळलं का रे?"

प्रश्न पायाला होता. पोटच्या पोरानेही आपले एवढे लाड केले नव्हते, असं ड्रायव्हरला वाटलं. डोळे भरून आले तसा तो घाईघाईने वर चढला.

बस निघाली. पहिल्या वळणावर अनवाणी पाय सवयीने हलला, तळव्याला गार, गुळगुळीत फरशी लागली आणि आपण निवृत्त झाल्याचं त्याला आठवलं. तो निमूट बसून राहिला. पुढच्या वळणांवर तर तो हललाही नाही. मागे तपासनीस पाय पसरून बसले होते.

"पास!" उतरताना ते म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. "आणि बूट कुठाय?"

"उजव्या पायात आहे ना, साहेब," सून म्हणाली.

तपासनिसांनी हसू दाबलं आणि पुढच्याला हाक मारली.

मघाशी हसणाऱ्यांतलाच एक ड्रायव्हर उठून आला. तिच्यापेक्षा दुपटीने मोठा, मिशा पिकलेला. पायरीवर बसून त्याने स्वतःच नाडी सोडली, बूट बाजूला ठेवला आणि डावा पाय संकोचत पुढे केला.

"सूनबाई," तो हळूच म्हणाला, "जरा माझ्यालाही समजाव गं."