नाव झाकून

तिघांनी संगनमत केलं होतं, याबद्दल सरांना तिळमात्र शंका नव्हती. विभागातल्या तीन सहकाऱ्यांची तीन मतं, तिन्ही विरोधात, आणि तिन्हींचा सूर एकच: पुस्तक मागवलं, चाळलं, यांना नोकरीत कायम करण्याजोगं त्यात काही नाही. नऊ वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढल्यावर हे ऐकायला मिळालं होतं. सत्र संपलं की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर विद्यापीठाने दिलेलं घरही.

विभागप्रमुख सरांना पहिल्यापासून पाण्यात पाहायचे. दुसरा तो होयबा, प्रमुख शिंकले तरी मान डोलावणारा. तिसऱ्या तळटीपबाई. हे नाव सरांनीच ठेवलं होतं, कारण त्यांच्या लेखात वर चार ओळींचा मजकूर आणि खाली पानभर तळटिपा. ते नाव फिरत फिरत बाईंच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून त्या सरांकडे बघून हसू लागल्या. आधी कधी हसत नसत. सरांना त्या हसण्याचाच जास्त धसका होता.

त्यांनी दाद मागितली. समिती बसली. अध्यक्षा बाहेरच्या, निवृत्त प्राध्यापिका, मोजकं बोलणाऱ्या.

"ही मतं माझ्या पुस्तकावर नाहीत, माझ्या नावावर आहेत," सर त्यांना म्हणाले. "नाव झाकून वाचायला द्या यांना. मग बघा."

"आणि तेव्हाही मत तेच आलं तर?"

"तर मी स्वतःहून जाईन."

अध्यक्षांनी ते टिपून घेतलं. सर बाहेर पडले ते मनात मांडे खातच.

आठवड्याभरात सरांच्याही हातात एक पाकीट पडलं. वीसेक पानांचा उतारा, लेखकाचं नाव नाही. खाली सही करून मोकळेपणी मत कळवावं, अशी विनंती. सरांना आधी संशय आला. आपल्याला कशाला? मग उलगडा झाला. समिती सगळ्यांचीच झाडाझडती घेत असणार. आपलं त्यांच्याकडे गेलं, त्यांच्यापैकी कुणाचं तरी आपल्याकडे आलं. विषयावरून काही कळायला मार्ग नव्हता, कारण विभागातले सगळेच त्या एका जुन्या बाजारपेठेच्या दप्तरांवर जगत होते. पण पहिल्याच पानावर सात तळटिपा होत्या.

"सापडली," सर म्हणाले.

त्यांची बायको चहा घेऊन आली होती. सरांची टिपणं टाइप करायची, भाषा जरा साफसूफ करायची, प्रुफं बघायची, हे काम तिचं. एकेकाळी ती सरांच्याच वर्गात होती, नंबरही वरचा होता. पण एका घरात दोन प्राध्यापक काय करायचे आहेत, असं सर म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला.

तिने सरांच्या खांद्यावरून पानाकडे पाहिलं. कप ठेवायचा राहिला.

"कुणाचं आहे हो?"

"तळटीपबाईचं. दुसरं कुणाचं असणार? आणि मुद्दा काय, तर त्या बाजारात धान्याची दोन मापं होती, ती म्हणे फसवणूक नव्हती. लांबून आलेल्या गिऱ्हाइकाला मोठं माप, जवळच्याला लहान. हे काय संशोधन झालं?"

"लांबच्याचं वाटेत सांडायचं ना. तेवढं धरून द्यायचे. पुढे पुरावा दिलाय की."

"तुला काहीही पटतं," सर म्हणाले आणि पान उलटलं.

पुढे पुरावा होता. सरांना तोही आवडला नाही. वाचता वाचता दोन-तीन ठिकाणी मात्र काहीतरी ओळखीचं वाटलं. हे आपण कुठेतरी ऐकलंय. कुठे, ते आठवेना, पण बाईंनी कुणाचा तरी माल आपल्या नावावर खपवलाय, एवढं पक्कं झालं. सरांचा चेहरा खुलला. कित्येक आठवड्यांनंतर तो असा खुलला होता.

"बस. मत सांगतो, टाइप कर."

ती बसली. सर येरझाऱ्या घालत सांगत गेले. मांडणी पोरकट. निष्कर्ष उथळ. लेखकाला मूळ दप्तरं उघडून बघायचीही गरज वाटलेली दिसत नाही.

"बघितली असतील तर?" ती म्हणाली.

"तू टाइप कर."

तिने टाइप केलं. शेवटी सरांनी चोरीचा मुद्दा सांगितला, तेव्हा तिची बोटं थांबली.

"हे राहू द्या ना. चांगलं नाही दिसत."

"तेच तर राहायला हवं."

"अहो, पुन्हा एकदा नीट वाचा. मी थांबते हवं तर."

"मला शिकवू नकोस."

सांगितलं तसं टाइप करून तिने कागद पुढे केला. सरांनी झोकात सही ठोकली.

पुढच्या बैठकीला सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खोलीत समितीचे तिघे आणि समोर एक रिकामी खुर्ची. अध्यक्षा आज चक्क हसल्या.

"सर, तुमचं म्हणणं खरं निघालं. नाव झाकल्यावर तिघांनीही तुमच्या लेखनाची तोंड भरून स्तुती केली आहे. तुमच्या विभागप्रमुखांनीसुद्धा. दोन मापांचा उलगडा आजवर कुणी केला नव्हता, असं ते म्हणतात."

सर खुर्चीत रेलले होते. ते सावकाश सरळ झाले.

"चूक आमच्या कार्यालयाची," अध्यक्षा म्हणाल्या. "त्यांनी उताऱ्याच्या तीनऐवजी चार प्रती धाडल्या. तुम्ही आपलं लेखन बघताक्षणी परत पाठवाल, असं आम्ही धरून चाललो होतो." त्यांनी समोरचा कागद उचलला आणि शांतपणे वाचलं, "'हे लिखाण मुळात लेखकाचं नाहीच, दुसऱ्या कुणाचं तरी आहे, अशी माझी खात्री झाली आहे.' सही तुमचीच ना, सर?"