सोय ठेवलेली नाही

"या रोलमध्ये बॅकअप बंद करायची सोय कुठे आहे?" तिच्या खुर्चीमागे उभ्या मॅनेजरने विचारलं.

"नाहीये, सर."

"नाहीये कशी? बाकी सगळं तर बदलता येतं."

येत होतं. रुग्णालयाच्या सगळ्या शाखांचे सर्व्हर ती या एकाच रोलमधून, म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेल्या सूचनांच्या एका संचातून, उभे करी. शाखेचं नाव, मेमरी, डिस्क एवढं भरायचं. पुढची सगळी मांडणी तो आपोआप करी. रोल तिनेच लिहिला होता. त्यात काय बदलता यावं आणि काय येऊ नये, हेही तिनेच ठरवलं होतं.

"डोंगरापलीकडची शाखा ती केवढीशी," मॅनेजर म्हणाला. "दोन डॉक्टर, पाच-सहा खाटा. त्यांच्या केसपेपरची रोज कॉपी काढून काय लोणचं घालायचंय? स्टोरेज भरत आलंय. मोठ्या इमारतीला जागा हवी."

"तिथला सर्व्हर बसला, तर कोणाला कुठलं औषध चालत नाही हेसुद्धा डॉक्टरांना कळणार नाही."

"एक ओळ घाल. चालू की बंद, एवढंच. दोन मिनिटांचं काम."

"दोनही लागणार नाहीत. पण मी घालणार नाही."

मॅनेजर वाकला. आवाजही खाली आला. "पुढच्या महिन्यात तुला कायम करायचं की नाही, ते माझ्या हातात आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

तो मागच्या टेबलाकडे वळला. "बुवा, तुम्ही घाला हो ती ओळ. हिला हे सगळं तुम्हीच शिकवलंत ना?"

"घातली असती, साहेब," बुवा म्हणाले. "पण आज नेमका चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मॅनेजर क्षणभर त्या चष्म्याकडे बघत राहिला. मग "बघतोच तुम्हा दोघांकडे" म्हणत बाहेर गेला. काचेचं दार त्याच्यामागे अर्धवटच लागलं.

तिने शाखेचं नाव भरलं. मेमरी थोडी. डिस्क लहान. एंटर दाबलं. पडद्यावर एकामागून एक हिरव्या ओळी सरकू लागल्या.

"रोजचा बॅकअप," मागच्या टेबलावरून बुवांनी बारीक अक्षरातली शेवटची ओळ वाचली, पार दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "चालू!"