व्यसनी दिसणारा माणूस

“हा? हा व्यसनी? अरे, हा तर लग्नाला निघालाय!”

दिग्दर्शक ओरडला आणि सगळं युनिट खो खो हसलं. बिचारा नट बाकावर बसल्या बसल्या आणखी आक्रसला. मेकअपवाल्या दादांनी पुन्हा ब्रश उचलला. डोळ्यांखाली काळं तर कधीच लावून झालं होतं. आता गालही खोल गेले, शर्टाची बाही टराटरा फाटली, केसांत मूठभर माती पडली.

“अजून! प्रेक्षकाला बघताक्षणी कळायला पाहिजे. बघताक्षणी!”

दिग्दर्शकाच्या अंगात आज नुसतं वारं संचारलं होतं. व्यसनमुक्ती केंद्रातली ही दाखल करून घ्यायची खोली. एक टेबल, एक बाक, एक वजनकाटा. तेवढ्याशा जागेत हा माणूस भिंगरीसारखा फिरत होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सेंटचा घमघमाट आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मध्येच “तोंडावर पाणी मारून येतो” म्हणून बाथरूममध्ये जायचा आणि दुप्पट ताजातवाना होऊन परतायचा. काय ती तडफ! सगळं युनिट त्याच्यावर फिदा होतं.

हसत नव्हती ती फक्त त्याची ताई. थोरली बहीण, आणि या फिल्मची निर्मातीही तीच. मागची दोन शूटिंगं याच्या ‘तब्येतीमुळे’ अर्ध्यावर बंद पडली होती. आजचंही फिसकटलं तर यापुढे त्याला कोणी दारात उभं करणार नव्हतं. खिडकीतलं ऊन उतरायला लागलं होतं आणि सीन एकच उरला होता. माणूस बॅग घेऊन येतो, बाकावर बसतो, म्हणतो, “मला इथं राहायचंय.” बस्स, एवढंच.

टेबलामागे केंद्रातल्या मॅडम बसल्या होत्या. अगदी खऱ्याखुऱ्या. आपलं रोजचंच काम त्यांनी कॅमेऱ्यापुढे करायचं होतं.

“अहो, इतकं कशाला रंगवताय त्याला?” त्या म्हणाल्या. “इथं येणारी माणसं अशी दिसतातच असं नाही. परवा एक दातांचे डॉक्टर आले. त्याआधी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई. एक आजोबा तर नातवाला शाळेत सोडून सरळ इकडेच आले.”

“मॅडम, हे पडद्यावर नाही हो चालत! एखादा खरा पेशंट दाखवा ना, नट बघून शिकेल तरी.”

“मी आहे की!” मागून आवाज आला. लाईटचा स्टँड धरून उभे असलेले चष्मेवाले गृहस्थ. नीट भांग, पॉलिश केलेले बूट. दिग्दर्शक सकाळपासून त्यांना ‘मॅनेजरसाहेब’ म्हणत होता. “विम्याच्या कचेरीत असतो मी. लाईट इथंच धरू ना?”

खोलीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं दिग्दर्शकच हसला. “छे, छे! लोक म्हणतील, हे तर आमचे जावई! चला, टेक! बॅग कुठंय?”

बॅग कोणीच आणली नव्हती. झाली पंचाईत! सहायक एकमेकांकडे बोटं दाखवायला लागले. ऊन भराभर निघून चाललं होतं.

“माझ्या डिकीत आहे एक,” ताई म्हणाली. गेली आणि एक निळी बॅग घेऊन आली.

“ताई, तू म्हणजे देव आहेस देव!”

नटानं बॅग मांडीवर घेतली. डोळे फिरवले, हात थरथरवले, मोठा हुंदका काढला. “मला इथं...”

“कट! अरे, भीक मागतोयस का? ऊठ, ऊठ! मी दाखवतो. कॅमेरा चालूच ठेव रे!”

दिग्दर्शक बॅग घेऊन बाकावर बसला. दिवसभरात पहिल्यांदाच तो गप्प झाला होता. त्याचा एक गुडघा आपोआप हलत होता, तो त्यानं हातानं दाबून धरला. मग खाली बघत म्हणाला, “मला इथं राहायचंय.”

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. “वा! हुबेहूब!” मेकअपवाले दादा पुटपुटले.

मॅडमनी मग रोज करतात तेच केलं. बॅग पुढे ओढली, चेन उघडली आणि एकेक वस्तू टेबलावर मांडायला घेतली. निळ्या चौकड्यांचा पायजमा. जुना चष्मा. दाढीचा ब्रश, मूठ झिजून गुळगुळीत झालेला.

दिग्दर्शक बघतच राहिला. पायजमा त्याचा होता. चष्मा त्याचा होता. ब्रश तर वडिलांचा, घरभर शोधून नाद सोडून दिलेला.

त्यानं मान वर करून ताईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून. हा बॅग भिरकावून देईल, पुन्हा तोंड दाखवणार नाही, याच धास्तीनं ती भरलेली बॅग कधीची नुसतीच डिकीत घेऊन फिरत होती, बाहेर काढायचं धाडस होत नव्हतं.

त्यानं बॅग भिरकावली नाही. शर्टाच्या खिशात हात घातला, एक बारीकशी पुडी काढली आणि ब्रशशेजारी ठेवली.

“मला इथं राहायचंय,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी थेट मॅडमकडे बघून. आवाज इतका बारीक, की माइकनं पकडला की नाही कोण जाणे!

मॅडमनी मान डोलावली. कॅमेरामन कॅमेरा बंद करायचं विसरला.

“माझ्या शेजारची खाट रिकामी आहे,” लाईट धरलेले गृहस्थ म्हणाले. “घोरत नाही ना तुम्ही?”

दिग्दर्शक हसला आणि हसता हसता त्याला रडूच फुटलं. ताई त्याच्याजवळ येऊन बसली.

“ताई, कुणाला म्हणून पत्ता लागू दिला नव्हता गं मी. इस्त्रीचा शर्ट, रोजची दाढी, चार लोकांत हसणं-खिदळणं... तुला कधी कळलं?”

ताईनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

“बघताक्षणी,” ती म्हणाली.